दामदुप्पट आणि अर्धायुकाल

घातांकी वाढ व घातांकी घट हे शब्द ऐकले की आपल्या परिसरातील अनेक विद्यार्थी घाबरतात आणि पालक तर पुस्तकच मिटून ठेवतात. वास्तविक यातील वाढ कर्जाच्या वहीत आढळते आणि घट तारापूरच्या अणुभट्टीत.

प्रथम वाढ पाहू. आजारपणासाठी कोणी दरमहा शेकडा ५ रुपये व्याजाने १०,००० रुपये उचलले, असे समजा. काहीच फेड झाली नाही, तर सरळव्याजाने दोन वर्षांत २२,००० रुपये देणे होते. परंतु थकलेले व्याज दरमहा मुद्दलात मिळविले, तर रक्कम प्रत्येक महिन्यास १.०५ ने गुणली जाते. मग वर्षाअखेर १७,९५९ आणि दोन वर्षांनी ३२,२५१ रुपये होतात. दुपटीचा काळ काढण्याची सोपी रीत म्हणजे ७२ ला व्याजदराने भागणे. ७२ भागिले ५ म्हणजे सुमारे १४ महिने. दर १४ महिन्यांनी दुप्पट, म्हणजे साडेतीन वर्षांत कर्ज जवळजवळ आठपट! व्याज मुद्दलापेक्षा जास्त घेऊ नये, हा दामदुपटीचा जुना दंडक अशाच वाढीला आवर घालतो.

आता घट पाहू. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या. युरेनियमच्या विभाजनातून आयोडिन-१३१, सीझियम-१३७ असे किरणोत्सारी पदार्थ इंधनातच तयार होतात. पदार्थ निम्मा होण्यास लागणारा काळ म्हणजे अर्धायुकाल. आयोडिन-१३१ चा तो ८ दिवस, तर सीझियम-१३७ चा सुमारे ३० वर्षे आहे. ८ दिवसांत निम्मे, म्हणून १६ दिवसांत सर्व संपले, असा अनेकांचा समज होतो. तसे नाही. दर वेळी उरलेल्याचा निम्मा भाग जातो. म्हणून १६ दिवसांनी पाव व २४ दिवसांनी अष्टमांश उरतो. दहा अर्धायुकालांनंतर १०२४ वा भाग राहतो. आयोडिनला त्यासाठी ८० दिवस लागतात, सीझियमला ३०० वर्षे! १९६९ मध्ये तयार झालेले सीझियम १९९९ मध्ये निम्मे झाले. २०२९ मध्येही त्याचा पाव भाग उरेल. वापरलेले इंधन पिढ्यान्‌पिढ्या का सांभाळावे लागते, हे यावरून ध्यानात येईल.

तेव्हा अणुकेंद्राविषयी बोलताना, "पदार्थ कोणता, किती आणि त्याचा अर्धायुकाल काय?" असे विचारावे. कर्जाच्या कागदावर सही वा अंगठा करण्यापूर्वी, "व्याजावर व्याज आहे का?" हेही विचारावे. दोन्ही हिशेब शाळेत शिकणारे मूल कागद-पेन्सिलीने करू शकते. पालकांनी ते मुलांकडून अवश्य करवून घ्यावेत.