फोन का अडखळतो?

भिवंडीत धामणकर नाक्याजवळ मी मोबाइल दुरुस्त करतो. लूम कामगार येतात, म्हणतात, "भाऊ, लय हँग होतोय."

साध्या स्क्रीनवर सेकंदाला 60 चित्रं उमटतात; प्रत्येकासाठी ॲपला जेमतेम 16.7 मिलिसेकंद. एक जरी चुकलं तरी लूमवर धागा तुटावा तसा झटका जाणवतो. फोटो, जाहिराती, व्हिडिओ यांची सरमिसळ असलेली फीड इथेच अडखळते, कारण प्रत्येकाची उंची वेगळी आणि मांडणी बोट सरकत असतानाच करायची. 2020 मध्ये भारतात आलेल्या इन्स्टाग्राम रील्सची रचना सोपी: पूर्ण पडद्यावर एकच व्हिडिओ, पुढचा आधीच उतरवून ठेवता येतो. मात्र अशा रचनेत थांबायला जागाच नसते, हे मला मनापासून खटकतं.

स्टोरेज भरलं तरीही फोन अडखळतो; म्हणून नवा फोन घेण्याआधी ते मोकळं करून बघा.