जलविहार – लेखांक सहावा : पहिल्या पॅडलबोर्डची निवड

मागील लेखांकात गुडघ्यांवरून उभे कसे राहावे आणि वल्ह्याचा पहिला हात कसा मारावा याचे विवेचन झाले. एवढे अंगवळणी पडल्यावर, भाड्याने घेतलेली फळी किनाऱ्यावर परत करताना स्वतःच्या मालकीच्या फळीचा विचार ज्याच्या मनात आला नाही असा शिकाऊ विरळाच. आणि नेमक्या याच घडीला, विक्रेत्याने पुढे केलेल्या तपशीलपत्रकातील फूट, इंच, लिटर आणि पौंड यांच्या गर्दीत सापडून, जी प्रथम नजरेत भरली ती फळी घेऊन तो मोकळा होतो. म्हणून आजचा लेखांक सबंध या एका खरेदीसाठी राखून ठेवला आहे.

फळीच्या आधी पाण्याचा विचार करावा. मालवणच्या दक्षिणेस, तारकर्लीच्या पुढे, देवबागची जी चिंचोळी पट्टी पसरली आहे, तिच्या पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस कर्ली नदीची खाडी आहे; दक्षिण टोकाशी, भोगव्याच्या समोर, ही दोन्ही पाणी एकमेकांस मिळतात. मार्गशीर्ष-पौषाच्या दिवसांत खाडीचे पाणी सकाळी निश्चल असते, आणि माडांच्या बागांतून थोडे चालून पलीकडे गेले की गुडघ्याएवढ्या, क्वचित कमरेएवढ्या लाटा वाळूवर येऊन फुटत असतात. सपाट पाणी आणि लहान लाटा अशा दोहोंची हौस एकाच फळीवर भागवू इच्छिणाऱ्या मराठी माणसाला यापेक्षा सोयीची जागा मिळणे कठीण. आणि या लेखात जी मोजमापे मी देणार आहे ती मुख्यतः अशाच दुहेरी पाण्याला लागू पडणारी आहेत.

हा दुहेरीपणा या क्रीडेच्या उगमातच आहे. हवाई बेटांतील वाईकीकीच्या किनाऱ्यावर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाहुण्यांना लाटांवर स्वार होण्यास शिकवणारे जे तरुण होते, ज्यांच्या मंडळात १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक मिळवणारा ड्यूक कहानामोकु वावरत असे, त्यांच्यापैकी काही जण आपल्या लांब फळीवर उभे राहून, उलांडीच्या होडीचे वल्हे हाती घेऊन, नवशिक्यांवर नजर ठेवीत आणि दुरून येणारी लाट इतरांच्या आधी हेरीत. पुढे १९९० च्या दशकात लेअर्ड हॅमिल्टन आणि डेव्ह कलामा यांनी माउई बेटावर या रीतीस नवे चैतन्य दिले, आणि तेथून ती जगभर गेली. जिला आज सर्वोपयोगी फळी म्हणतात, ती वाईकीकीच्या त्या लांब फळीचीच वारस होय. बाकीचे सारे प्रकार, म्हणजे दूरच्या प्रवासाची साडेबारा फुटी, शर्यतीची चौदा फुटी आणि केवळ लाटांसाठी केलेली आखूड फळी, हे नंतरचे विशेषीकरण आहे. पहिल्या खरेदीत या विशेषांच्या वाटेस जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता मोजमापांकडे वळू. नवशिका प्रथम लांबी पाहतो. पाहावी ती रुंदी. कोकणातील अरुंद होडीला बाजूस उलांडी बांधलेली असते, तिच्यामुळे ती कलंडत नाही. फळीला असा कोणताही जामीन नसल्याने तो सारा भार तिच्या स्वतःच्या रुंदीवर पडतो. आणि येथे नौकाशास्त्राचा एक नियम ध्यानी घेण्यासारखा आहे: आकार तोच ठेवून तरंगत्या वस्तूची लांबी वाढवली तर बाजूस कलण्याला होणारा तिचा विरोध लांबीच्या सरळ प्रमाणात वाढतो, परंतु रुंदी वाढवली तर तो रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे १० फुटांची फळी ११ फुटांची केल्याने स्थैर्यात १० टक्क्यांची भर पडते, तर ३० इंचांची रुंदी ३२ इंच केल्याने, अवघ्या दोन इंचांत, सुमारे २१ टक्क्यांची. बोटभर रुंदीच्या तफावतीने एक फळी पायांखाली थरथरत राहते आणि दुसरी स्वस्थ वाटते, याचे कारण हे आहे.

मग ३६ इंचच का घेऊ नये, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर वल्ह्याच्या हातात आहे. वल्हे जितके उभे आणि फळीच्या कडेला जितके लगटून चालेल तितकी फळी सरळ जाते. फळी अवाजवी रुंद असली की हात बाहेर ताणावा लागतो, वल्हे तिरपे पडते, आणि प्रत्येक हातासरशी फळीचे तोंड विरुद्ध दिशेस वळून निम्मे श्रम ते सरळ करण्यात खर्ची पडतात. शिवाय लाटेवर वळण घेताना फळी एका कडेवर झुकवावी लागते. फार रुंद फळी ते करू देत नाही. तेव्हा ६५ ते ८० किलो वजनाच्या माणसाला ३२ इंच, त्याहून भारदस्त व्यक्तीला ३३ ते ३४ इंच, आणि पन्नास-पंचावन्न किलोच्या हलक्या अंगाच्या व्यक्तीला ३० ते ३१ इंच ही रुंदी मी योग्य समजतो. याची परीक्षा दुकानातच करता येते: फळी काखेत धरून मधल्या मुठीपर्यंत हात सहज पोहोचत नसेल, तर ती वाहून नेण्यासही जड जाईल आणि वल्हवण्यासही.

रुंदीखालोखाल महत्त्व घनफळाचे, आणि त्याचा हिशेब कोणालाही घरी मांडता येतो. ७० किलोचा माणूस, त्याचे ओले कपडे, जॅकेट व वल्हे मिळून ३ किलो, आणि फळी ११ किलो, अशी एकूण ८४ किलोंची बेरीज झाली. समुद्राच्या एक लिटर पाण्याचे वजन सुमारे १.०२५ किलो असते, म्हणून हा भार तोलण्यासाठी फळीचा ८२ लिटरांच्या आसपास भाग पाण्याखाली जाणारच. फळी १७० लिटरांची असेल तर निम्मी वर राहते, पाय कोरडे राहतात आणि लहानशी लाट अंगावर आली तरी तोल सावरण्यास अवकाश मिळतो. तीच फळी १०० लिटरांची असेल तर ती बहुतेक बुडालेली असते, आणि वेगात असतानाच काय ती वर येते. कसलेले लोक अशा फळ्या वापरतात, शिकाऊने वापरू नयेत. कठीण फळीच्या बाबतीत स्वतःच्या वजनाच्या किलोंच्या दुप्पट ते अडीचपट लिटर हा शिरस्ता पहिल्या खरेदीसाठी पुरेसा आहे.

लांबीविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. १० फूट ते ११ फूट ६ इंच ही सर्वोपयोगी फळीची हद्द असून, मध्यम बांध्याच्या माणसाला १० फूट ६ इंच पुरे होते. लांब फळी सरळ चालते, आखूड फळी लवकर वळते. खाडीला पहिली आवडते, लाटेला दुसरी, आणि साडेदहा फूट ही दोघींमधली तडजोड आहे. आकारात मात्र एक गोष्ट पाहून घ्यावी. प्रवासी फळीची नाळ होडीसारखी टोकदार असून पाणी कापीत जाते. सर्वोपयोगी फळीची नाळ गोल, तळ सपाट, आणि पुढच्या टोकाला वरच्या दिशेस थोडी उचल असते, त्यामुळे लाटेच्या उतारावर ती नाकाडावर पडत नाही. ज्याला देवबागच्या दोन्ही बाजू हव्या आहेत, त्याने गोल नाळेचीच घ्यावी.

यापुढचा प्रश्न सर्वांत वादाचा: हवा भरण्याची फळी की कठीण? हवेच्या फळीच्या वरच्या व खालच्या पडद्यांना हजारो धाग्यांनी आतून जोडलेले असते, म्हणून ती फुग्यासारखी गोल न होता सपाट राहते, आणि १२ ते १५ पीएसआय दाब भरल्यावर लाकडासारखी ताठ होते. मुंबई-पुण्याच्या सदनिकेत राहणाऱ्या आणि कोकण रेल्वेने कुडाळला उतरून मालवण गाठणाऱ्या माणसाला तिच्याइतकी सोय दुसरी नाही. पाठीवरच्या पिशवीत ती मावते, कपाटात राहते, आणि पवनेच्या जलाशयावर न्यायची झाल्यास मोटारीच्या टपाची गरज पडत नाही. (जलाशयांवर जलसंपदा खात्याचा अंमल असतो, पाण्यात उतरण्याच्या परवानगीची खातरजमा आधी करून घ्यावी.) मात्र ४ इंच जाडीच्या स्वस्त फळ्या सत्तर किलोंच्या माणसाखाली मधोमध वाकतात, जाडी पावणेपाच इंचांहून कमी नसावी, आणि अंगाने भारदस्त असाल तर ६ इंचांखाली जाऊ नये. तिच्या पत्रकातील २५० वा ३०० लिटर हा आकडा पाहून हुरळूनही जाऊ नये, कारण तो जाडीमुळे फुगलेला असतो, त्याने स्थैर्य वाढत नाही, उलट माणूस पाण्यापासून अधिक उंच उभा राहतो आणि वाऱ्याला अधिक अंग देतो. उन्हाची एक खबरदारीही लिहून ठेवतो: सावलीत ३० अंशांवर १५ पीएसआय भरलेली फळी तापलेल्या वाळूवर ६० अंशांपर्यंत गेली तर तो दाब १८ च्या घरात जातो. शिवणी उकलण्याचे हे एक प्रमुख कारण आहे, म्हणून पाण्याबाहेर आल्यावर थोडी हवा सोडावी. खाडीच्या खडकांवरील कालवांच्या धारा पायाला आणि फळीच्या कातडीला सारख्याच घातक आहेत, हे निराळे सांगावयास नको.

कठीण फळी लाटेवर निःसंशय सरस आहे. तिच्या कडा पातळ असून पाण्यात रुततात, तिचा आकार हवेच्या दाबावर अवलंबून नसतो, आणि तिच्यावर शिकलेला माणूस लाटेची भाषा लवकर समजतो. परंतु तिचा गाभा, आपण ज्याला थर्माकोल म्हणतो त्याच पॉलिस्टायरीनच्या फेसाचा, आणि वरचे कवच इपॉक्सी रेझिनचे असते. आणि येथे कोकणातील मालकास एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. आपल्या बंदरांत फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे कारागीर बहुधा पॉलिस्टर रेझिन वापरतात. होडीला ते उत्तम, पण पॉलिस्टायरीनवर पडताच ते त्याला विरघळवून टाकते, आणि नखाएवढ्या भेगेच्या जागी आत पोकळी तयार होते. कारागीर कितीही कुशल असो, अशा फळीला इपॉक्सीच लावायचे ही अट त्याच्याकडून कबूल करून घेतल्याविना ती त्याच्या हाती देऊ नये. जो किनाऱ्याजवळ राहतो, ज्याच्याकडे फळी सावलीत आडवी ठेवण्यास पडवी आहे आणि ज्याचे मन लाटांकडे ओढ घेते, त्याने कठीण घ्यावी. बाकी सर्वांनी पहिली फळी हवेचीच घ्यावी, असा माझा निवाडा आहे.

वल्ह्यात काटकसर करू नये, कारण तासाभरात शेकडो वेळा ते उचलावे लागते. सपाट पाण्यासाठी ते आपल्या उंचीपेक्षा ८ ते १० इंचांनी लांब, लाटांसाठी त्याहून दोन-तीन इंचांनी आखूड असावे. म्हणून पहिले वल्हे लांबी बदलता येणारेच बरे. त्याचे पाते दांड्याशी थोडा कोन करून पुढे झुकलेले असते. बहुतेक नवशिके ते पाणी ओढण्यासाठी मागे वळवतात, ते चूक आहे. तळाच्या फिनपैकी मधली नऊ-दहा इंची फिन खाडीत फळी सरळ ठेवते, आणि लाटांसाठी तिच्या दोन्ही बाजूंस लहान फिन लावण्याची सोय असलेली फळी निवडावी. ओहोटीला कर्लीत वाळूचे पट्टे वर येतात, तेव्हा आखूड मधली फिन जवळ बाळगावी. पायाला बांधायची दोरी, जिला लीश म्हणतात, ती लाटांत सरळ आणि सुमारे फळीएवढी लांब लागते; जाळ्यांचे खुंट व नांगरलेल्या होड्या यांतून वाहत्या पाण्यात जाताना मात्र ती पायाला न बांधता, ओढताच सुटणाऱ्या कमरपट्ट्याला बांधावी, कारण खुंटात अडकलेली पायाची दोरी प्रवाहात हाताने सोडवता येत नाही.

शेवटी वाऱ्याविषयी. आपल्या किनाऱ्यावर पहाटेपासून जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, आणि ऊन चढल्यावर समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. मतलईच्या वेळी समुद्र आरशासारखा दिसतो, आणि नवशिक्याला तोच सर्वांत मोहात पाडतो. पण हवेच्या हलक्या, उंच फळीला तो वारा न कळत बाहेर नेतो, आणि परतताना वल्ह्याचे बळ अपुरे पडते. देवबागची गंमत अशी की हाच वारा खाडीच्या बाजूस पूर्वेकडून येऊन माणसाला गावाच्या काठाकडे ढकलतो. म्हणून पहिल्या हंगामात सकाळी खाडी, आणि समुद्राची बाजू खारा वारा हलकेच सुरू झाल्यावर, स्नान करणाऱ्या लोकांपासून दूर, हा क्रम पाळावा. मुखाजवळ ओहोटीच्या वेळी जाऊच नये. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २००८ मध्ये, लाटा फुटण्याच्या व पोहण्याच्या पट्ट्याबाहेर गेलेल्या पॅडलबोर्डाची गणना जलयानांत केली आणि त्यावर लाईफ जॅकेट आवश्यक ठरवले. आपल्याकडे कोणी हटकले नाही तरी हा नियम स्वतःवर घालून घ्यावा. खरेदीच्या दिवशी खिशात जी रक्कम असेल तीतून अंगाला नीट बसणारे जॅकेट आणि चांगली लीश यांचे पैसे आधी बाजूला काढा, आणि उरलेल्यात बसेल ती ३२ इंची फळी घ्या.