मार्कर वाढला, म्हणजे काय?

रात्री नऊ-साडेनऊला लॅबची पीडीएफ व्हॉट्सॲपवर येते. 'सीए-१२५ : ४१'. शेजारी ठळक अक्षरांत 'हाय'. डॉक्टरांची अपॉइंटमेंट परवाची. तोवर मुलगा गुगल उघडून बसतो, बहिणीचे फोनवर फोन येतात, आणि जिचं रक्त काढलं ती सगळ्यांचे चेहरे वाचत राहते. अंडाशयाच्या कर्करोगावर उपचार चालू असलेल्या घरांना ही रात्र ओळखीची असते. रिपोर्ट डॉक्टरांच्या आधी रुग्णाच्या मोबाइलवर यायला लागल्यापासून तर फारच. म्हणून या आकड्याला किती किंमत द्यायची, हे घरातल्या एका तरी माणसाला नीट ठाऊक असायला हवं.

आधी एक नेहमीचा घोटाळा दूर करू. नावातला १२५ ही मर्यादा नव्हे. १९८१ मध्ये बोस्टनमध्ये डॉ. रॉबर्ट बास्ट आणि त्यांचे सहकारी अंडाशयाच्या कर्करोगाच्या पेशींना चिकटेल अशी अँटिबॉडी शोधत होते. एकामागून एक तपासत गेल्यावर जी उपयोगी ठरली, तिचा क्रमांक १२५ होता. ती अँटिबॉडी ज्या प्रथिनाला चिकटते, ते सीए-१२५. रक्तातल्या या प्रथिनाची नेहमीची मर्यादा प्रति मिलिलिटर ३५ युनिट मानतात. 'माझं तर ९० आहे, १२५ च्या खालीच की' हा दिलासाही खरा नाही, आणि ४१ दिसल्याबरोबर आजार परतला हा निष्कर्षही खरा नाही.

हे प्रथिन कर्करोगाच्या पेशी बनवतात, पण एकट्या त्याच बनवत नाहीत. पोटाच्या आतलं अस्तर, फुप्फुसांभोवतीचं आणि हृदयाभोवतीचं आवरण, गर्भनलिका, गर्भाशयाचं अस्तर, या सगळ्या निरोगी जागी ते थोडंफार तयार होत असतं. यांपैकी कुठेही सूज आली, पाणी साचलं, की रक्तातला आकडा चढतो. मासिक पाळीत चढतो, गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत चढतो. एंडोमेट्रिऑसिस, फायब्रॉइड, यकृताचा सिरॉसिस, हार्ट फेल्युअर यांतही चढतो. पोटाचं कुठलंही मोठं ऑपरेशन झालं की काही आठवडे चढलेला राहू शकतो.

आपल्याकडे या यादीत एक नाव ठळकपणे जोडावं लागतं, ते पोटाच्या क्षयरोगाचं. पोटात पाणी, वजन घटलेलं, बारीक ताप, सोनोग्राफीत अंडाशयाजवळ गाठीसारखं काहीतरी, आणि सीए-१२५ पाचशे, कधी हजाराच्याही वर. चित्र हुबेहूब पसरलेल्या कर्करोगाचं दिसतं. मग पोटातल्या अस्तराचा तुकडा काढून बायोप्सीला पाठवतात आणि रिपोर्ट येतो टीबीचा. ज्या बाईला केमो लागणार म्हणून घर खचलं होतं, ती टीबीच्या गोळ्यांचा कोर्स पुरा करून बरी होते. भारतातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना असे रुग्ण नवे नाहीत. केवळ मार्करच्या आकड्यावर कर्करोगाचं निदान कोणीही करू नये, याला यापेक्षा मोठं कारण हवं कशाला? तुकडा तपासल्याशिवाय निदान नाही, हा नियम रुग्णाच्या नातेवाइकांनीही धरून ठेवावा.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. आजार अगदी पहिल्या टप्प्यात असतो तेव्हा जवळपास निम्म्या स्त्रियांमध्ये सीए-१२५ नॉर्मलच येतो. म्युसिनस प्रकारच्या गाठींत तो फारसा वाढत नाही. तिथे सीईए आणि सीए १९-९ हे मार्कर जास्त कामाचे. कोवळ्या वयातल्या मुलींना होणाऱ्या जर्म सेल गाठींसाठी एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच बघतात, तर ग्रॅन्युलोसा सेल प्रकारात इन्हिबिन. म्हणजे कुठला मार्कर बघायचा हे गाठीच्या प्रकारावर ठरतं. हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये 'कॅन्सर प्रोफाइल' म्हणून सगळेच मार्कर एकदम काढणं हा पैशाचा अपव्यय आहे, आणि नाहक भीतीला आमंत्रणही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीत दरवर्षी सीए-१२५ किंवा सोनोग्राफी करून पाहिली. २०२१ मध्ये अंतिम निष्कर्ष आला: अंडाशयाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्यामुळे कमी झाले नाहीत.

मग ही तपासणी करायची कशाला? तर उपचार चालू असताना. तिथे तिचं मोल मोठं आहे. १९८३ मध्ये बास्ट यांच्या गटाने जो पहिला मोठा अभ्यास छापला, त्यात अंडाशयाचा कर्करोग झालेल्या १०१ स्त्रियांपैकी ८२ टक्क्यांमध्ये हा मार्कर वाढलेला होता. ८८८ निरोगी माणसांत फक्त १ टक्का. पण त्याच अभ्यासातली खरी कामाची गोष्ट वेगळीच होती. आजार वाढला की आकडा वाढत होता, उपचाराने आजार ओसरला की आकडा उतरत होता, आणि हा मेळ ९३ टक्के वेळा बसत होता.

एक नमुना घेऊ. आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, कुणा एकीचे नाहीत. केमो सुरू होण्याआधी सीए-१२५ आहे १,४८०. दर तीन आठवड्यांनी कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल. दुसऱ्या सायकलच्या आधी ६१०, तिसरीच्या आधी १९०. मग ऑपरेशन. त्यानंतर चौथ्या सायकलच्या आधी येतो २४०. घरात रडारड. पण हा चढ ऑपरेशनच्या जखमेचा असू शकतो, आणि पाचव्या सायकलला ४६, सहाव्याला १८, शेवटी ११ असे आकडे येतात तेव्हा ते उघड होतं. ही रांग समोर ठेवली तर कुठलाही अनुभवी ऑन्कॉलॉजिस्ट पाच सेकंदांत म्हणेल, औषध लागू पडतंय. त्यातला एकटा २४० उचलला तर काहीच कळत नाही. पहिल्या शंभर दिवसांत आकडा किती वेगाने उतरतो, यावरून गाठ केमोला किती दाद देते हे ताडण्याचं 'केलिम' नावाचं गणितही आता वापरात येतंय. त्यालाही किमान तीन आकडे लागतात.

म्हणून सांगणं असं की रिपोर्टांचा ढीग फाइलमध्ये नुसता कोंबू नका. वहीच्या एका पानावर तारीख, आकडा, लॅबचं नाव आणि त्या आठवड्यात काय झालं (केमो, ऑपरेशन, ताप, पोटातलं पाणी काढलं) असे चार रकाने आखा. ओपीडीत डॉक्टरांना मिळणाऱ्या थोड्या मिनिटांत हे एक पान साऱ्या फाइलपेक्षा जास्त बोलतं.

लॅबचं नाव लिहायला कारण आहे. नळीत घेतलेलं रक्त गोठू देऊन वरचं पिवळसर सिरम वेगळं काढतात. यंत्रात एक अँटिबॉडी सीए-१२५ ला पकडते, दुसरी त्याला दुसऱ्या बाजूने चिकटते आणि प्रकाश देते. त्या प्रकाशावरून आकडा निघतो. प्रत्येक कंपनीच्या अँटिबॉड्या वेगळ्या, त्यामुळे एकाच दिवशी एकाच बाईचं रक्त दोन लॅबना दिलं तर दोन आकडे येतील आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतील. या महिन्यात घराजवळची लॅब, पुढच्या महिन्यात सवलत देणारी, असं केलंत तर रांगेचा अर्थच जातो. एकच लॅब धरा. आणि केस यावेत म्हणून बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी सांगा. काही यंत्रांत बायोटिनमुळे आकडा खोटाच कमी येऊ शकतो.

आता ४१ कडे येऊ. समजा, उपचार संपून वर्ष झालं आहे, आकडा १२-१४ च्या आसपास असायचा, आणि आता ४१. आंतरराष्ट्रीय निकष असे आहेत की मार्कर आधी नॉर्मलला आला असेल, तर तो मर्यादेच्या दुप्पट, म्हणजे ७० वर जायला हवा, आणि तोही किमान आठवड्याच्या अंतराने केलेल्या दोन तपासण्यांत. तेव्हा त्याला आजार वाढल्याचा पुरावा मानतात. ४१ दुर्लक्ष करण्याजोगा नाही, पण तो निकालही नाही. सर्दी-तापातून उठल्यावर घेतला होता का, हे विचारायचं, काही आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा करायचा, गरज वाटली तर सीटी स्कॅन. १२ चे १६ झाले म्हणून झोप उडवून घेण्यात तर काहीच अर्थ नाही. मात्र ९, १७, २९ असा मर्यादेच्या आतच पायरीपायरीने चढत असेल तर डॉक्टरांच्या नजरेस जरूर आणून द्या, कारण 'नॉर्मल' असा शेरा पडला की कोणी मागचं पान उलटत नाही.

उपचार संपल्यावर दर तीन महिन्यांनी मार्कर करायचाच का, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारत नाही. विचारायला हवा. लक्षणं दिसण्याच्या काही महिने आधी मार्कर चढतो, हे खरं. मग लवकर कळलं तर लवकर केमो, आणि लवकर केमो तर जास्त आयुष्य, असं कोणालाही वाटेल. ब्रिटन आणि युरोपातल्या डॉक्टरांनी हे प्रत्यक्ष तपासून पाहिलं. पहिली केमो यशस्वी झालेल्या १,४४२ स्त्रियांचं रक्त दर तीन महिन्यांनी तपासलं, पण निकाल त्यांना आणि त्यांच्या डॉक्टरांनाही कळवला नाही. आकडा दुप्पट मर्यादेपलीकडे गेलेल्या ५२९ स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाला लगेच सांगून केमो सुरू केली. दुसऱ्या गटाला लक्षणं दिसेपर्यंत सांगितलं नाही. पहिल्या गटाची केमो मध्यकानुसार ४.८ महिने आधी सुरू झाली. पण आयुर्मान दोन्ही गटांत सारखंच: २५.७ महिने आणि २७.१ महिने. वाढलं ते काय, तर केमोखाली गेलेले महिने. लवकर सुरुवात केलेल्या गटाची तब्येत आणि रोजच्या जगण्याची गुणवत्ता आधी घसरली. २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे प्रसिद्ध झालं.

त्यानंतर उपचार बदलले आहेत, हे सांगितलं पाहिजे. निवडक रुग्णांमध्ये परतलेली गाठ पूर्ण काढता येत असेल तर दुसऱ्या ऑपरेशनचा फायदा होतो असं २०२१ मध्ये छापून आलेल्या जर्मन पुढाकाराच्या चाचणीत दिसलं. अशा रुग्णांत आजार लहान असतानाच सापडणं कामाचं. केमोनंतर आजार रोखून धरण्यासाठी ओलॅपॅरिबसारख्या गोळ्याही आल्या आहेत. पण या गोळ्या चालू असताना मार्कर शांत आणि स्कॅनमध्ये मात्र गाठ, असंही घडतं. म्हणून मार्कर करावा की करू नये याला सगळ्यांसाठी एकच उत्तर नाही. काही बायकांना दर तीन महिन्यांचा आकडा आधार देतो. काहींचं त्या तारखेच्या आधीचे पंधरा दिवस जगणं थांबतं. दोघीही बरोबर आहेत. माझं म्हणणं इतकंच, की हा निर्णय पॅकेजने किंवा सवयीने होऊ नये. डॉक्टरांना सरळ विचारावं, 'हा आकडा वाढलेला आला तर माझ्या उपचारात काय बदलणार?' उत्तर 'काही नाही' असेल, तर तपासणी नको म्हणण्याचा हक्क रुग्णाला आहे, आणि तिथे मुलाने, नवऱ्याने किंवा सुनेने तिच्या वतीने ठरवू नये.

आणि उपचार संपलेल्या प्रत्येकीला एक विनंती. पोट फुगल्यासारखं राहणं, दोन घासांत पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, सारखं लघवीला लागणं, शौचाची सवय बदलणं, यांपैकी काहीही रोज होऊ लागलं आणि दोन आठवडे थांबलं नाही, तर मागच्या महिन्यातला मार्कर नॉर्मल होता म्हणून गप्प बसू नका. पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना दाखवून या.