बालकाच्या आजारप्रवणतेविषयी पालकांची धारणा : मापनाचा प्रश्न

मूल वारंवार आजारी पडणे आणि ते आजारी पडेल असे पालकांना सतत वाटणे, या दोन भिन्न गोष्टी होत. मॉरिस ग्रीन व अल्बर्ट सॉल्निट या अमेरिकन डॉक्टरांनी १९६४ मध्ये या भेदाकडे लक्ष वेधले. गंभीर आजारातून पूर्ण बरे झालेले मूलही दगावेल या भीतीने पालक त्यास अतिरेकी जपतात. परिणामी आईपासून दूर राहणे, झोप व शालेय प्रगती यांत अडचणी उद्भवतात, असे त्यांनी दाखविले. मराठी समाजास ही भीती अपरिचित नाही. आधीची भावंडे दगावल्यावर जन्मलेल्या मुलाचे नाव दगडू वा धोंडू ठेवण्याची प्रथा त्याच भीतीतून आली.

ही धारणा मोजण्यासाठी ब्रायन फोर्सिथ व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये आठ विधानांची मापनश्रेणी प्रसिद्ध केली. प्रत्येक विधानास शून्य ते तीन गुण असून एकूण गुण २४ होतात. दहा वा अधिक गुण मिळाल्यास पालक मुलास आजारप्रवण मानतात, असे समजले जाते.

तथापि या श्रेणीचे केवळ शब्दशः भाषांतर करून ती करमाळा तालुक्यातील गावांत वापरणे उचित ठरणार नाही. रात्री उठून मुलाकडे पाहण्याविषयीचे विधान मूल वेगळे झोपते असे गृहीत धरते. येथे ते बहुधा आईच्या कुशीतच असते. डोळ्यांखालील काळेपणाविषयी काजळ घातलेल्या मुलाच्या आईस काय विचारावे? इतर मुलांशी तुलनेचे विधान तर अधिकच फसवे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आहेत. शेजारची मुलेही तशीच असतील तर आईस आपले मूल निरोगीच वाटणार. याउलट, दृष्ट लागेल म्हणून मुलाची प्रकृती उत्तम असल्याचे परक्यासमोर बोलण्यास ती कचरते आणि गुण विनाकारण वाढतात. सासूच्या उपस्थितीत घेतलेले उत्तर कोणाचे मानावे, हाही प्रश्न उरतोच.

म्हणून विधाने स्थानिक बोलीत नव्याने रचून, आईस एकटीला तोंडी विचारून, मिळालेले गुण अंगणवाडीतील वजन-उंचीच्या नोंदींशेजारी ठेवणे आवश्यक आहे. गुण अधिक व वाढ उत्तम असेल तेथे पालकांना धीर देणे पुरेसे ठरू शकते. गुण कमी पण वजन घटत असेल तेथे मात्र श्रेणी पालकांना निर्धास्त ठरवते, आणि तपासणीची निकड त्याच मुलास सर्वाधिक असते.