तोंडातले राखणदार

हॉलंडमध्ये लेव्हेनहूक नावाचा कापड-व्यापारी होता. त्याने १६८३ साली आपल्या दातांवरचा मळ भिंगातून पाहिला. त्यात बारीक जीव वळवळत होते. तेच जंतू. ते सर्वांच्या तोंडात असतात. त्यांच्या ७०० हून जास्त जाती सापडल्या आहेत.

मग आपण रोज आजारी का पडत नाही? कारण लाळ राखण करते. लाळेत लायसोझाइम असते. ते काही जंतूंचे कवच फोडते. लाळेत प्रतिद्रव्येही असतात. ती जंतूंना चिकटतात, मग जंतूंना तोंडात पाय रोवता येत नाही. पण लाळ सगळ्यांना मारत नाही. नेहमीचे जंतू जागा धरून बसतात, म्हणून बाहेरच्यांना जागा मिळत नाही. ज्वारी दाट उगवली की तण कमी होतं, तसंच हे.

गोड खाल्ले की काही जंतू त्याचे आम्ल करतात. आम्लाने दात किडतात. दिवसा लाळ आम्ल धुऊन टाकते. झोपेत लाळ फार कमी सुटते. माझा धाकटा भाऊ गोळ्या खाऊन तसाच झोपायचा. त्याच्या दोन दाढा किडल्या. रात्री लई रडतो.

म्हणून झोपताना दात घासा. मग गोड खाऊ नका. राखणदाराला मदत करा.

– इयत्ता ४ थी