प्रथम भाषा मराठी, गुण १२५

फेब्रुवारी उलटत आला की आमच्या बेळगाव-निपाणी भागातल्या मराठी हायस्कुलांच्या फळ्यांवर रंगीत खडूने दोन शब्द उमटतात: सदिच्छा समारंभ. दहावीची मुलं शाळा सोडणार, परीक्षेला बसणार, त्यांना शाळेने आशीर्वाद देऊन पाठवायचं. नववीची मुलं पताका लावतात, दहावीची वर्गणी काढतात, आणि वर्गणीतून शाळेला काय भेट द्यायची यावर आठवडाभर वाद चालतो. यंदा निपाणीतल्या अशाच एका समारंभाला माजी विद्यार्थी म्हणून बोलावणं आलं, म्हणून गेलो.

मुलींनी साड्या नेसल्या होत्या. साडी आईची, ब्लाऊज थोरल्या बहिणीचा, खांद्यावरची पिन सारखी सुटतेय, आणि कोपऱ्यात उभ्या राहून बाई एकेकीचा पदर नीट करतायत. मुलगे नव्या शर्टात. तीन वर्षं एकाच गणवेशात बघितलेली पोरं त्या दिवशी एकमेकांकडे जरा परक्यासारखी बघत होती. माइकवर आलेला पहिला मुलगा ‘आदरणीय व्यासपीठ’पासून ‘आठवीत पहिल्या दिवशी आम्ही या शाळेत पाऊल ठेवलं तेव्हा’ इथवर धडाक्यात आला आणि तिथेच थांबला. कागद हातात होता, शब्द पुढे लिहिलेले होते, पण आवाज फुटेना. खालून कुणी हसलं नाही. कन्नडचे सर उठले, त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले, आणि उरलेलं भाषण त्याने तसंच पूर्ण केलं.

या मुलांच्या आठवणी ऐकताना आपण कुठल्या गावात आहोत हे विसरताच येत नाही. प्रतिभा कारंजीची आठवण जवळजवळ प्रत्येकाने काढली. कर्नाटकातल्या शाळांच्या या सांस्कृतिक स्पर्धेच्या नावातला ‘कारंजी’ म्हणजे कारंजं, हे कन्नडच्या तासाला कळेपर्यंत आमच्याकडची लहान मुलं दिवाळीतल्या करंजीचाच विचार करतात. दुपारच्या जेवणाला इथे अक्षरदासोह म्हणतात. ताटं धुवायच्या नळावरची ढकलाढकली, सांबाराचा वास, भाताचा शेवटचा डाव कुणाला मिळाला, हे सगळं भाषणांतून आलं. तालुक्याला खो-खोत हरून परत येताना वडापच्या गाडीत मागच्या बाजूला बसून रडलेली मुलगी हे सांगताना हसत होती. आणि बोलून झाल्यावर खाली उतरताना ती म्हणाली, “येतो बाई.” कोल्हापूर-निपाणीकडच्या बायकांच्या बोलण्यात हा ‘येतो’ सहज येतो. पुण्यात कॉलेजला गेल्यावर तिला कुणीतरी तो बदलायला लावेल, असं मनात आलं आणि वाईट वाटलं.

बाहेरच्या वाचकाला एक गोष्ट सांगायला हवी. कर्नाटकाच्या दहावीची, म्हणजे एसएसएलसीची, परीक्षा ६२५ गुणांची असते. प्रथम भाषेला १२५ आणि उरलेल्या पाच विषयांना प्रत्येकी १००. मराठी माध्यमाच्या मुलाची प्रथम भाषा मराठी. म्हणजे सीमेपलीकडे कागलात दहावीला मराठी विषय १०० गुणांचा, आणि अलीकडे निपाणीत तोच विषय १२५ गुणांचा. दोन्ही गावांत अंतर ते किती! मला या पंचवीस गुणांचं फार अप्रूप आहे. त्याबरोबर कन्नड आणि इंग्रजी आहेतच. दप्तरात तीन लिप्या घेऊन फिरणाऱ्या या मुलांची वही उघडून बघावी. मराठीचं अक्षर शिरोरेषेला टांगलेलं, तर त्याच हाताचं कन्नड अक्षर गोल, शांत, डोक्यावर छोटी वळणं घेतलेलं. पंधराव्या वर्षी एका हाताला दोन वळणं येतात, ही मोठी कमाई आहे आणि तिचं कौतुक आपण कधी नीट केलेलं नाही.

कारण भाषा म्हटलं की इथे आधी इतिहास उभा राहतो. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा. तो महाराष्ट्राने मानला नाही. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. कन्नडसक्तीविरोधातल्या १९८६ च्या आंदोलनात ज्यांचे जीव गेले त्यांचं स्मारक हिंडलग्याला आहे. घरोघरी आजोबांचं एक साल, मामांचं एक साल. मुलांना ही सालं पाठ असतात. पण समारंभाच्या दिवशी पाठीवर हात ठेवायला उठले ते कन्नडचे सर होते, आणि त्या मुलाला त्यात काहीही वेगळं वाटलं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्ही एकाच वर्गात नांदतात.

‘पुढे काय?’ या प्रश्नाला इथे नेहमीच्यापेक्षा एक जास्तीचा फाटा असतो: कुठल्या राज्यात? निपाणीच्या मुलाला तर हा फाटा चालत जाता येतो. गावाला लागूनच असलेलं देवचंद कॉलेज अर्जुननगरात आहे, आणि अर्जुननगर कागल तालुक्यात, कोल्हापूर जिल्ह्यात. कॉलेज शिवाजी विद्यापीठाचं. निपाणीच्या कितीतरी पिढ्या घरी कर्नाटकात जेवल्या आणि शिकायला सायकलवरून महाराष्ट्रात गेल्या. अलीकडे राहायचं तर पीयूसीची, म्हणजे अकरावी-बारावीची, दोन वर्षं. विज्ञानाला गेलेल्या मुलाचं माध्यम तिथे एका रात्रीत इंग्रजी होतं. मार्चपर्यंत ज्याला त्वरण, समीकरण, प्रकाशसंश्लेषण म्हणायचं ते जूनमध्ये दुसऱ्याच नावाने समोर येतं. मुलाला विषय येत असतो, नाव येत नसतं. पहिले तीन-चार महिने तो गप्प बसतो, आणि हुशार मुलं तिथे स्वतःला ढ समजायला लागतात. माझ्या वर्गातल्या दोघांनी त्या पहिल्या वर्षीच विज्ञान सोडलं. त्यातला एक आमच्या सगळ्यांत गणितात पुढे होता. शाळेने शेवटच्या महिन्यात इंग्रजी संज्ञांची चार पानांची यादी जरी हातात दिली असती तरी तो टिकला असता, असं मला अजून वाटतं.

महाराष्ट्राने आपल्या बाजूने एक दार उघडं ठेवलं आहे. दाव्यातल्या ८६५ गावांतल्या मराठी मातृभाषेच्या मुलांना तिथल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात ‘ई’ प्रकार म्हणून अर्ज करता येतो. कागदपत्रं गोळा करायला धावपळ फार, आणि खेड्यातल्या पालकाला हे दार आहे हेच ठाऊक नसतं. शाळेच्या फळ्यावर ते लिहिलेलं मी यंदा पहिल्यांदा पाहिलं. वर्गशिक्षिका बाईंनी ते मोठ्या अक्षरात लिहून खाली दोनदा रेघ मारली होती.

मी मुलांना काय व्हायचंय ते विचारलं. उत्तरांतून या मुलखाचा नकाशाच उभा राहिला. तिघांना मराठा लाइट इन्फंट्रीत जायचं होतं; रेजिमेंटचं केंद्र बेळगावात आहे आणि भरतीसाठी पहाटे रस्त्याने पळणारी पोरं इथल्या गावोगावी दिसतात. एकाला आयटीआय करून बेळगावच्या उद्यमबागेत काकांसारखं लेथवर उभं राहायचं होतं. “नाहीतर विमानाचे पार्ट करतात तिकडं, हत्तरगीला,” असं तो लगेच म्हणाला. एकीला विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाखालच्या कुठल्याही कॉलेजात कॉम्प्युटर हवा होता. एकाने ‘शेती’ म्हटल्यावर सगळे त्याच्याकडे वळून बघायला लागले. त्याने पुन्हा, जरा मोठ्याने, ‘शेती’ म्हटलं.

खो-खोतल्या त्या मुलीला नर्स व्हायचं होतं. तिची आई बिड्या वळते. निपाणी हे बिडीच्या तंबाखूचं गाव. उन्हाळ्यात वखारींवरून जाताना तंबाखूचा खाट नाकातच नाही तर घशात बसतो. पानं भिजवायची, पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायची, चिमटीत तंबाखू घेऊन वळायचं, दोरा गुंडाळायचा, टोक मिटायचं. मुलीलाही हे सगळं येतं. अभ्यासाची उजळणी तोंडाने आणि बिडी हाताने, असं तिने सहज सांगितलं. मग तिने तळहात वर केला. अंगठ्याजवळच्या बोटाच्या पेरावर दोऱ्याचा बारीक घट्टा होता. बिडी कामगार कल्याण निधीतून तिला शिष्यवृत्ती मिळते, तिचे पैसे आईने हात न लावता ठेवलेत. याच तंबाखूच्या भावासाठी १९८१ च्या मार्चमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी इथल्या महामार्गावर ठाण मांडून बसले होते, आणि ६ एप्रिलला गोळीबार झाला. त्या दिवसांबद्दल तिला आजीकडून ऐकलेलं माहीत आहे. तिला स्वतःला मात्र तंबाखूपासून लांब, स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत उभं राहायचंय. तिने ‘पांढऱ्या’ हा शब्द दोनदा उच्चारला.

मराठी शाळांचे वर्ग आता लहान होत चाललेत. आमच्या वेळच्या फोटोत दोन बाकांवर उभे राहूनही मुलं मावत नव्हती. यंदा एकाच बाकावर सगळे मावले. पालक इंग्रजी माध्यमाकडे वळतात, त्यांना दोष देववत नाही, कारण पीयूसीचे ते पहिले महिने त्यांनीही भोगलेले असतात. पण ज्या बेळगावात कवयित्री इंदिरा संत राहिल्या आणि त्यांनी शिकवलं, ज्या शहरातून ‘तरुण भारत’ हे दैनिक निघतं, त्या मुलखातली मराठी पुढे कुणी लिहायची, तर ती याच बाकांवरच्या मुलांनी. मला तरी दुसरीकडून कुणी येताना दिसत नाही.

जेवण झालं. शिरा, मसालेभात, पापड. मग भेटवस्तूचा कार्यक्रम. वाद मिटून शेवटी भिंतीवरचं घड्याळ ठरलं होतं. शाळेत अशी घड्याळं आधीच सहा आहेत, प्रत्येकावर एकेका बॅचचं साल रंगवलेलं, त्यातली दोन बंद. मुलांनी नवं घड्याळ मुख्याध्यापकांच्या हातात दिलं, टाळ्या झाल्या. तेवढ्यात तो शेतीवाला मुलगा खुर्ची ओढून भिंतीपाशी गेला, खिशातून दोन सेल काढले, आणि बंद पडलेली दोन्ही घड्याळं खाली घेऊन त्यांची मागची झाकणं उघडायला बसला.