वापरलेल्या अणुइंधनाचा प्रवास

अणुभट्टी बंद केल्यावरही इंधनातील उष्णतानिर्मिती थांबत नाही. बंद होताच ती मूळ औष्णिक शक्तीच्या सुमारे 6 ते 7 टक्के असते. दिवसभरात अर्ध्या टक्क्याजवळ येते, पण पुढे उतार फार संथ असतो. म्हणून वापरलेले इंधन आधी भट्टीलगतच्या खोल कुंडात काही वर्षे ठेवतात. तिथले पाणी उष्णता वाहून नेते आणि किरणोत्सारही अडवते. तारापूरच्या अणुवीज केंद्रातही हेच चालत आले आहे.

पुढचा टप्पा वाहतुकीचा. त्यासाठी जाड पोलादी पिंप लागते. मोठ्या पिंपाचे वजन 100 टनांच्या घरात जाते. 9 मीटरवरून कठीण पृष्ठभागावर आदळणे, 800 अंश सेल्सिअसच्या आगीत अर्धा तास राहणे, पाण्यात बुडणे अशा कसोट्यांना त्याचा आराखडा उतरावा लागतो.

रत्नागिरी जिल्ह्यात वाहतुकीचा हा प्रश्न जैतापूरच्या नियोजित 6 अणुभट्ट्यांमुळे येतो. कोकणात 100 टनांचे ओझे घाटवळणांतून, पावसाळ्यात दरडी कोसळणाऱ्या रस्त्यांवरून नेणे अवघडच. स्वीडनमध्ये असे इंधन 1985पासून खास जहाजाने ऑस्कर्सहॅम्नच्या मध्यवर्ती साठ्यात जाते. जैतापूरहून तारापूरकडे सागरी मार्ग धरला, तर तो गुहागरच्या किनाऱ्यासमोरून जाईल. तेव्हा मच्छीमारांच्या वेळा, पावसाळी मासेमारीबंदी आणि आपत्कालीन बंदरे आराखड्यात आधीच हवीत. किनाऱ्यावरील गावांना ते शेवटी कळवणे अन्यायाचे ठरेल.

इंधन प्रकल्पस्थळीच कोरड्या पिंपांत ठेवणे हा दुसरा पर्याय. त्यात वाहतूक लांबणीवर पडते, मात्र देखरेख अनेक दशके करावी लागते.